कापसाचा भाव ठरतो दिल्लीत, अडतो ओटीपीवर

२०२५ च्या हंगामाआधी वर्धा जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाला दोन गोष्टी दोन आठवड्यांच्या आत कळल्या. एक म्हणजे केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं आयात शुल्क काढलं. दुसरी म्हणजे हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधी नोंदणी करावी लागणार. पहिली बातमी पेपरात अर्थकारणाच्या पानावर आली, दुसरी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. त्यामुळे एक व्यापाराची आणि दुसरी मोबाईलची, असं समजून दोन्ही सोडून दिल्या गेल्या. मला मात्र ही एकच बातमी वाटते. ॲपमध्ये अडकलेला ओटीपी किती रुपयांना पडतो, हे शुल्काच्या निर्णयावरून ठरतं. कसं, ते बघू.

११ टक्क्यांचं गणित

कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क लागलं ते फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात. ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि त्या दोन्हींवर अधिभार. पुढच्या वर्षी कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा सूतगिरण्यांच्या ओरड्यामुळे १४ एप्रिल २०२२ पासून काही महिने ते माफ झालं. पण एप्रिलात आपल्याकडच्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात कापूस शिल्लकच नसतो. त्यामुळे शेतकऱ्याला तेव्हा फारसं काही वाटलं नाही.

२०२५ मध्ये मात्र तारीख वेगळी होती. अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के आयात शुल्क लावलं. कपडे निर्यात करणारे कारखाने अडचणीत आले. ७ ऑगस्टला दिल्लीत पंतप्रधानांनी सांगितलं की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, मग त्याची किंमत मोजावी लागली तरी चालेल. १८ ऑगस्टला अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून कापूस शुल्कमुक्त झाला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहाच दिवसांत ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे सीतादहीची पूजा करून आपण वेचणीला लागतो तिथपासून ते घरातला बराचसा कापूस बाजारात जाईपर्यंतचा सगळा काळ त्यात आला.

आता हे ११ टक्के आपल्या काट्यावर किती रुपयांचे होतात? रुईचा म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा व्यवहार खंडीत होतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो. १०० किलो कापसातून ३४ किलो रुई निघते असं धरलं तर एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. परदेशी रुई समजा खंडीला ५०,००० रुपयांना बंदरात आली, तर तिच्यावरचं शुल्क ५,५०० रुपये. ते गेलं की आपल्या रुईला तेवढी स्वस्त स्पर्धा तयार झाली. ५,५०० ला साडेदहाने भागा. क्विंटलमागे सव्वापाचशेच्या आसपास येतात.

हा आकडा कागदावरचा आहे. बाजार पूर्ण तेवढा पडेलच असं नाही, कारण सरकीचा भाव, रुपया-डॉलर आणि सूताची मागणी हे सगळं मध्ये येतं. पण दबाव किती मोठा आहे याचा अंदाज येतो. आणि गंमत बघा, त्याच वर्षी केंद्राने कापसाच्या हमीभावात वाढ केली होती ती क्विंटलला ५८९ रुपयांची. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये.

हमीभाव वाढला आणि बाजारभावावर मात्र खालचा दबाव आला. या दोन आकड्यांमधलं अंतर रुंदावलं, की दोघांमधलं दारही महत्त्वाचं होतं. ते दार म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, आपण ज्याला सीसीआय म्हणतो त्याचं खरेदी केंद्र. आणि २०२५ पासून त्या दाराची किल्ली मोबाईलमध्ये गेली.

ॲप नेमकं काय तपासतं

‘कपास किसान’ची नोंदणी १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली. सुरुवातीला ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख होती, नंतर ती वाढवावी लागली. वरवर बघितलं तर ॲप साधं आहे. मोबाईल नंबर टाका, आधारची पडताळणी करा, जमिनीची माहिती भरा, सातबारा जोडा. कागद तपासून मंजुरी मिळाली की केंद्र निवडून दिवस ठरवा. त्या दिवशी गाडी घेऊन जा, कापूस तपासून मोजला जातो आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात.

पण हे एक ॲप नाही, ही चार सरकारी नोंदींची साखळी आहे. आधारची नोंद, सातबाऱ्यावरचं नाव, त्याच सातबाऱ्यावर चालू हंगामात कापूस लावल्याची नोंद, आणि बँक खात्याचं आधारशी नातं. चारही जुळल्या तर काम दहा मिनिटांत होतं. एक जरी जुळली नाही तर ॲपमध्ये काहीही दुरुस्त करता येत नाही, कारण चूक ॲपमध्ये नसतेच. ती तलाठ्याकडे असते, आधार केंद्रात असते, नाहीतर बँकेत.

गावात शेजारच्या काही जणांची नोंदणी मी माझ्या फोनवरून भरून दिली. त्यातून लक्षात आलं ते असं. एका काकांच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा होता आणि मुलगा पुण्यात. ओटीपी तिकडे जायचा, मुलगा शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. तो मोकळा होईपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. दुसऱ्या घरी सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, वारस नोंद झालेलीच नाही. तिसऱ्याची अडचण सगळ्यात अवघड. शेत ठेक्याने केलेलं. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं त्याचं, पण सातबारा मालकाचा. यंत्रणेच्या नजरेत हा माणूस शेतकरीच नाही. मालक राजी असेल तर मालकाच्या नावाने कापूस जातो आणि पैसे मालकाच्या खात्यात येतात. नंतर ते कधी आणि किती हाती पडतात, हे त्या दोघांच्या संबंधावर.

पिकाची नोंद हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून फोनने फोटो काढायचा, जागेची नोंद जीपीएसने होते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस, चिखल, नेटवर्क नाही, म्हणून अनेकांचं ते राहून जातं. त्याची किंमत ऑगस्टात कळत नाही, ती नोव्हेंबरात केंद्राच्या फाटकावर कळते.

केंद्रावर पोचल्यावर ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर असेल तर खरेदीच नाही. ८,११० चा कापूस १२ टक्के ओलाव्याला ७,७८५ रुपये ६० पैशांवर येतो. परतीच्या पावसात भिजलेला पहिला वेचा या मोजणीत बसवणं सोपं नाही. ठरलेल्या दिवशी ढग आले तर दिवस बदलावा लागतो, आणि बदललेला दिवस लवकर मिळेलच असं नाही.

आता हिशेब करा. खासगी बाजार समजा ७,००० वर आहे आणि हमीभाव ८,११०. वीस क्विंटल कापूस असलेल्या माणसाचा ओटीपी आला नाही, तर त्याचे २२,२०० रुपये गेले. बाजार हमीभावाच्या वर असता तर तोच न आलेला ओटीपी शून्य रुपयांचा होता. म्हणून म्हणतो, ॲप चांगलं की वाईट हा प्रश्न एकटा विचारून उपयोग नाही.

जिनिंगवाल्याच्या बाजूने

हिंगणघाट कापसाची पेठ म्हणून एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाते. तिथल्या जिनिंगवाल्याला हा सगळा खेळ उलट्या बाजूने दिसतो. बाजारभाव हमीभावाच्या वर असतो तेव्हा तो व्यापारी असतो: कापूस घेतो, रुई काढतो, गाठी विकतो, नफातोटा त्याचा. बाजार खाली गेला की कापूस सीसीआयकडे वळतो. सीसीआय स्वतः जिनिंग चालवत नाही, खासगी कारखान्यांकडून ठरलेल्या दराने काम करून घेते. म्हणजे व्यापारी त्या हंगामापुरता मजुरीवर काम करणारा होतो. भावाची जोखीम नाही, पण कमाईलाही मर्यादा.

मधल्या मध्ये सापडतो तो साठा असलेला. ज्याच्या गोदामात ऑगस्टमध्ये १,००० गाठी होत्या, त्याचा विचार करा. गाठ १७० किलोची, म्हणजे सुमारे ४७८ खंडी. खंडीमागे १,००० रुपये उतरले तरी पावणेपाच लाखांची घट. तेही एका संध्याकाळी निघालेल्या अधिसूचनेने. अशा माणसाला पुढच्या वर्षी साठा करा, नवी यंत्रं घ्या असं बँकेने सांगितलं तर तो दहादा विचार करेल. धंद्याला कमी किंवा जास्त शुल्क दोन्ही सोसतं, पण ते कधी बदलेल हे माहीत नसणं फार महागात पडतं.

सूतगिरण्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बांगलादेशातली गिरणी कापूस विनाशुल्क आणते आणि तोच कपडा अमेरिकेत आपल्याशी स्पर्धा करतो. २०२५ मध्ये तिथे आपल्यावर ५० टक्के लागलेले असताना कच्चा माल तरी स्वस्त द्या, ही मागणी खोटी नव्हती. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान वर्ध्यात आले होते, तेव्हा त्यांनी इथूनच अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी केली. एक हजार एकरांचं वस्त्रोद्योग संकुल. शेतातला कापूस ते निर्यातीचा कपडा, सगळं विदर्भात, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण त्या संकुलातल्या कारखान्याला कापूस स्वस्त हवा आणि देवळीच्या शेतकऱ्याला महाग. हा तिढा सरकारने शुल्क काढून आणि हमीभाव वाढवून, म्हणजे दोघांनाही हो म्हणून सोडवला. मधला खर्च सीसीआयच्या अंगावर टाकला आणि गर्दी ॲपवर.

अटी कधी सैल होतात

काही जण म्हणतात, तंत्रज्ञानात भेदभाव नसतो, नियम सगळ्यांना सारखा. व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या नावावर कापूस विकू नये म्हणून आधार आणि सातबारा हवाच, हे मलाही पटतं. खेडा खरेदीत सहा हजारांनी घेतलेला माल केंद्रावर आठ हजारांनी जायचा, ही चर्चा गावोगाव वर्षानुवर्षं आहे.

पण अटी काही दगडावर कोरलेल्या नसतात. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत मदत जाहीर केली, तेव्हाही ई-पीक पाहणीची अट होती. ओरड झाली. विधानसभा निवडणूक नोव्हेंबर २०२४ ची. त्याच्या काही महिने आधी ती अट सैल झाली आणि सातबाऱ्यावरची नोंद चालू लागली. कोड बदलायला किती दिवस लागतात हा तांत्रिक प्रश्न असेल, पण कधी बदलायचा हा राजकीयच.

आणि हे नवीनही नाही. १९७२ पासून सुमारे तीस वर्षं राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, आणि ते अडवायला सीमेवर नाके. तेव्हा बाहेर भाव जास्त असला की शेतकरी दारातून निसटायला बघायचा. आता तो दारातून आत शिरायला धडपडतो.

येत्या हंगामासाठी करण्यासारखं जे आहे ते ॲप उघडण्याच्या कितीतरी आधीचं आहे. आधारला आत्ता कोणता नंबर जोडलेला आहे ते बघा, आणि तो कापूस विकणाऱ्याच्याच खिशात असेल असं करा. वारस नोंद राहिली असेल तर पेरणीपूर्वी तलाठ्याकडे अर्ज द्या, ऑक्टोबरात तिथे रांग असते. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली की ई-पीक पाहणी उरकून टाका आणि नोंद झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. पीएम किसानचे पैसे ज्या खात्यात येतात तेच खातं इथेही धरलं जाईल असं गृहीत धरू नका. ठेक्याने शेती करत असाल तर पैसे कोणाच्या खात्यात येणार आणि किती दिवसांत मिळणार, हे मालकाशी बियाणं टाकायच्या आधी बोला, जमलं तर कागदावर.

आयात शुल्काचं काय होईल, ते मात्र कुठल्याही ॲपवर आधी दिसत नाही.