गाडीचे एक दार रुसते तेव्हा

किल्लीवरचे बटण दाबले की 'खट्ट' असा आवाज होतो आणि गाडीची चारही दारे एकदम बंद होतात. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. लक्ष जाते ते एखादे दार रुसते तेव्हा. तीन दारे बंद होतात, मागचे डावे मात्र उघडेच राहते. किंवा त्यातून नुसता बारीक 'घर्र' आवाज येतो आणि खुंटी जागची हलत नाही. घरातले कुणीतरी हात घालून ती खुंटी दाबते आणि वेळ निभावून जाते. पुढे हाताने दाबायचीच सवय होते आणि दुरुस्ती महिनोन्महिने राहून जाते.

हा कानाडोळा बरा नव्हे. जे दार बटणाने बंद होत नाही, ते एखाद्या दिवशी तसेच उघडे राहते आणि मागच्या सीटवरची पर्स किंवा बॅग जाते. जे दार बटणाने उघडत नाही त्याचा धोका याहून मोठा. मागे आजी बसलेली असेल, कडेवरचे मूल असेल, तर अडचणीच्या वेळी त्यांना आतली खुंटी सापडेलच असे नाही. बंद गाडी उन्हात किती झपाट्याने तापते याची अनेकांना कल्पना नसते. आतले तापमान जितके वाढायचे त्यातला बराच भाग पहिल्या अर्ध्या तासातच वाढून जातो आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिल येथे उभ्या गाडीत अडकून पाच आणि सात वर्षांच्या भावंडांचा मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात चार मुले अशीच दगावली. अशा घटनांमागे दर वेळी बिघडलेले कुलूपच असते असे नाही. पण गाडीचे प्रत्येक दार आतून आणि बाहेरून बिनतक्रार उघडलेच पाहिजे, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

कुलपाच्या आत काय असते?

दाराच्या कुलपाला हलवणारा जो विजेचा भाग असतो त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. गॅरेजमध्ये त्यालाच 'लॉकची मोटर' म्हणतात. खरे तर मोटर हा त्याचा एक भाग. प्लॅस्टिकच्या डबीत अंगठ्याएवढी, १२ व्होल्टवर चालणारी मोटर असते. तिच्या दांड्यावर लहानसे दातेरी चाक किंवा आटे पाडलेला गिअर बसवलेला असतो. तो एका मोठ्या प्लॅस्टिकच्या चाकाला फिरवतो आणि ते चाक कुलपाचा दांडा पुढे-मागे सरकवते. कुलूप लावताना वीज एका दिशेने येते, उघडताना उलट दिशेने. तारा त्याच असतात, फक्त धन आणि ऋण यांची अदलाबदल होते. ही वीज सेकंदभरही टिकत नाही. दांडा सरकला की मोटरचे काम संपते.

दिवसातून दहा-वीस वेळा, वर्षानुवर्षे हे चालते. मोटरच्या आतले ब्रश झिजतात आणि त्यांची काळी भुकटी आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर साचते. कोकणात, मुंबईत किंवा चेन्नईत दमट हवेने त्या पट्ट्यांवर गंज धरतो. बऱ्याच मोटरींत आणखी एक लहानशी चकती असते. मोटर अडकली तर ती जळू नये म्हणून तापल्यावर विजेचा प्रवाह रोखणे हे तिचे काम. जुनी झाली की ही चकती नको तेव्हाही प्रवाह अडवते. सकाळच्या गारव्यात चालणारे कुलूप दुपारी उन्हात उभ्या गाडीत चालेनासे झाले, तर या चकतीवर संशय घ्यायला जागा आहे. काही जण ती काढून टाकून थेट तार जोडतात. ते करू नये. ती संरक्षणासाठी बसवलेली असते.

प्लॅस्टिकची चाके सहसा लवकर खराब होत नाहीत. म्हणजे सारा ॲक्च्युएटर चांगला आणि दुखणे फक्त मोटरचे, असे अनेकदा असते. कंपनीकडून मात्र कुलूप, मोटर आणि डबी असा सगळा जोड एकत्र मिळतो आणि अनेक गाड्यांत त्याचे बिल हजारांत जाते. नुसती मोटर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळू शकते. म्हणून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा व्यवहार करण्यापूर्वी थोडी चौकशी करणे फायद्याचे.

आधी रोग ओळखा

चारही दारे एकदम बंद पडली असतील तर मोटरकडे वळूच नये. चार मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत. किल्लीतला सेल, फ्यूज आणि रिले आधी तपासावेत. एकच दार रुसले असेल तर दोन शक्यता उरतात. एक तर मोटर, नाहीतर तार. गाडी आणि दार यांच्या मध्ये, बिजागरीजवळ, रबराची एक घडीदार नळी असते. दाराच्या तारा तिच्यातून जातात. दार उघडता-मिटता त्या तारा सतत वाकतात आणि कालांतराने आतल्या आत तुटतात. त्याच दाराची काचही बटणाने वर-खाली होईनाशी झाली असेल किंवा स्पीकर मधूनच बोलत असेल, तर तुटलेल्या तारेची शक्यता अधिक. अशा वेळी मोटर बदलणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

नक्की निदान मल्टिमीटरने होते. ॲक्च्युएटरच्या सॉकेटवर मीटर लावून दुसऱ्याला किल्लीचे बटण दाबायला सांगावे. क्षणभर सुमारे १२ व्होल्ट दिसले आणि तरीही दांडा हलला नाही, तर दोष ॲक्च्युएटरचा. काहीच दिसले नाही तर दोष तारेचा. वीज क्षणभरच येते. काही मीटरवर तो आकडा पटकन निसटतो, म्हणून ही तपासणी दोन-चार वेळा करावी. साधा दिवा लावून पाहिला तरी चालतो.

दार उघडताना

काम सुरू करण्यापूर्वी काच पूर्ण वर करावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. अनेक नव्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगशी संबंधित संवेदक दारात असतात. म्हणून तार सोडवल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच दाराला हात घालावा.

दाराचे आतले पॅड स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा यांच्यावर बसवलेले असते. हँडलच्या मागे आणि हात टेकण्याच्या खाचेत झाकणाखाली लपलेले स्क्रू असतात. ते न काढता पॅड ओढले तर ते हमखास तुटते. क्लिपाही एक-दोन मोडतातच. चार जादा आणून ठेवाव्यात. पॅडच्या मागे पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नये, सावकाश सोडवावा. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत येतच असते आणि खालच्या भोकांतून निघून जाते. ते घरात, म्हणजे गाडीच्या आतल्या भागात, येऊ नये म्हणून हा कागद असतो. काम झाल्यावर तो नीट चिकटवला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पायांखालचा गालिचा ओला होतो.

दाराच्या कडेला कुलपाचे साधारण तीन स्क्रू दिसतात. अनेक गाड्यांत त्यांना तारेच्या आकाराचा बिट लागतो. तो नसेल तर साध्या स्क्रू ड्रायव्हरने झटापट करू नये. डोके झिजले की काम दुप्पट होते. कुलूप बाहेर काढताना कोणता दांडा कुठे अडकवला होता, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. जाड हातमोजे घालणे शहाणपणाचे.

मोटर बदलताना

काही ॲक्च्युएटरच्या डब्या स्क्रूच्या असतात, त्या सहज उघडतात. काही कारखान्यातच चिकटवून बंद केलेल्या असतात. त्यांच्या सांध्यावर धारदार पाते हळूहळू फिरवून त्या उघडाव्या लागतात. पाते नेहमी अंगापासून दूर ओढावे. डबी उघडताच आतली चाके कशी बसली आहेत याचा आधी फोटो, मग हात.

जुनी मोटर हातात आली की तिच्या बुडाची खूण, लांबी आणि दांड्याची जाडी पाहावी. या कामासाठी सर्रास दिसणारा आकार 'एफसी-२८०' या नावाने दुकानात विचारला जातो. त्याचा दांडा २ मिलिमीटर जाडीचा असतो. पण सर्वच २८० एकसारख्या नसतात. दांड्याची लांबी आणि वीज घेण्याच्या पट्ट्यांची जागा वेगळी असू शकते. म्हणून जुनी मोटर बरोबर नेणे उत्तम. नवी १२ व्होल्टचीच आहे ना, हेही पाहून घ्यावे.

दांड्यावरचा लहान गिअर जुन्या मोटरवरून काढून नव्या मोटरवर चढवायचा असतो. या टप्प्यावर बहुतेकांचे काम बिघडते. हातोडीने ठोकून गिअर बसवला तर धक्का दांड्यावाटे आत जातो आणि नवीकोरी मोटर बसण्याआधीच जाते. दांड्याच्या मागच्या टोकाला आधार देऊन, व्हाइसमध्ये धरून गिअर हळूहळू दाबत न्यावा. जुन्या मोटरवर तो दांड्याच्या टोकापासून किती अंतरावर होता, ते आधी मोजून ठेवावे. तितकाच तो इथेही बसला पाहिजे.

जुन्या मोटरच्या धन बाजूला मार्करने ठिपका करून ठेवावा. उलटी बसली तर लावायचे बटण दाबल्यावर दार उघडते आणि उघडायचे दाबल्यावर बंद होते. डबी बंद करण्यापूर्वी तारा क्षणभर बॅटरीला लावून दांडा दोन्ही दिशांना सरकतो का ते पाहावे. क्षणभरच. विजेवर धरून ठेवली तर मोटर तापते. चाकांना प्लॅस्टिकला चालणारे पांढरे ग्रीस थोडेसे लावावे. मोटरच्या आत मात्र तेलाचा थेंबही नको. शेवटी डबीच्या सांध्यावर सीलंट लावून ती पाणी शिरणार नाही अशी बंद करावी आणि सीलंट पूर्ण वाळू द्यावे.

दार लावण्यापूर्वी

कुलूप पुन्हा बसवले, दांडे अडकवले, सॉकेट जोडले आणि बॅटरीची तारही लावली, तरी दार लगेच लावू नये. एखादा दांडा आत सुटा राहिला असेल आणि दार बंद झाले, तर ते ना आतून उघडते ना बाहेरून, आणि बंद दाराचे पॅड काढणे फार कठीण. म्हणून दार उघडे असतानाच कुलपाचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बंद स्थितीत न्यावा. मग बटणाने लावावे, उघडावे आणि आतल्या व बाहेरच्या हँडलने आकडा सुटतो का ते पाहावे. ही परीक्षा तीन-चार वेळा पास झाल्यावरच कागद चिकटवून पॅड बसवावे. मागच्या दारावर मुलांसाठीचे वेगळे कुलूप असते. तेही नको असताना लागलेले नाही ना, हे पाहावे. दाराखालची पाणी जाण्याची भोके मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत. नाहीतर नवी मोटरही ओलाव्यातच राहील.

ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांना अर्धा दिवस लागेल. सरावलेला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बरेच लवकर उरकेल. पण नुसती मोटर बदलून द्या, असे आधीच स्पष्ट सांगावे आणि जुनी मोटर परत मागावी. गाडी वॉरंटीत असेल, दाराला अपघाताचा मार बसलेला असेल किंवा कुलपातले इलेक्ट्रॉनिक स्विच मोडलेले असतील, तर हा खटाटोप न करता अधिकृत सेवा केंद्राकडे जावे.

घरच्यांना हे सांगून ठेवा

केंद्र सरकारच्या नियमानुसार १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या नव्या मोटारगाड्यांत, आणीबाणीत सेंट्रल लॉक हाताने उघडता येण्याची सोय सक्तीची आहे. पण ती सोय कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल तरच उपयोग. एखाद्या रविवारी गाडी उभी करून आजीपासून नातवापर्यंत सर्वांना आपापल्या जागी बसवावे आणि प्रत्येकाने आपले दार बटणाशिवाय उघडून दाखवावे. रिमोटच्या किल्लीत दडलेली साधी किल्लीही महिन्यातून एकदा दारात फिरवावी. न वापरलेले कुलूप गंजते आणि बॅटरी उतरते त्याच दिवशी ते अडते.

मूल आत अडकले आणि दार उघडत नसेल तर किल्ली शोधण्यात वेळ घालवू नये. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यात जोराने ठोकून फोडावी आणि ११२ वर फोन करावा. बाजूची काच सहसा बारीक तुकडे होऊन फुटते. समोरची मात्र दोन थरांची असते, ती लवकर फुटत नाही. गाडी घरासमोर उभी असतानाही सर्व दारे बंद असावीत आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. चारही कुलपे धडधाकट असतील तरच हा नियम पाळता येतो. एक दार हाताने लावायचे राहिले की सारी गाडी उघडीच राहते.