शस्त्रक्रियेनंतरच्या गुठळीचा धोका महिन्याचा, औषधाची तरतूद पंधरा दिवसांची

आयुष्मान भारत योजनेत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी पाठविल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतच्या औषधांचा व तपासण्यांचा खर्च समाविष्ट आहे. खुब्याच्या किंवा पोटातील कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र चार ते पाच आठवडे कायम राहतो. अशा रुग्णांना गुठळी रोखणारे औषध २८ ते ३५ दिवस देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आढळते. रुग्णालयातील आठवडाभराचा मुक्काम हिशेबात धरला, तरी या दोन मुदतींमध्ये एक ते दोन आठवड्यांचे अंतर उरते. योजनेच्या कार्डाखेरीज ज्या कुटुंबाला दुसरा आधार नाही, त्याच्या बाबतीत या दिवसांत औषध बहुधा थांबते.

हा प्रश्न कोणाचा आहे, हे समजून घेण्यासाठी बीरगावचे उदाहरण पुरेसे आहे. छत्तीसगडची राजधानी रायपूर हिला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राच्या परिसरात वाढलेले हे कामगारांचे शहर. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती. आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. पोलादाचे कारखाने, रोलिंग मिल आणि अवजड ट्रकांची अखंड वाहतूक यांमुळे हातापायांची हाडे मोडण्याचे प्रसंग येथे नवे नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्ण रायपूरचे डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था किंवा खासगी रुग्णालये गाठतात. शस्त्रक्रिया रायपुरात होते. धोक्याचे उरलेले दिवस मात्र बीरगावच्या वस्तीत, घरी जातात.

गुठळी का होते?

रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे. जर्मन वैद्यक रुडॉल्फ विरशो यांच्या एकोणिसाव्या शतकातील संशोधनाशी ही मांडणी जोडली जाते. मोठ्या शस्त्रक्रियेत तिन्ही कारणे एकत्र येतात. भूल दिलेला रुग्ण तासन्‌तास हालचाल करीत नाही, ऊतींना इजा होते आणि जखम भरून काढण्यासाठी शरीर रक्त गोठविणारे घटक वाढविते. पायाच्या खोल शिरेत तयार झालेली गुठळी सुटून रक्ताबरोबर वाहत गेली, तर ती हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसात जाऊन अडकते. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन कोसळणे ही त्याची लक्षणे होत. पुष्कळदा मात्र पाय सुजतही नाही आणि पहिले लक्षणच अखेरचे ठरते.

हा मृत्यू टाळता येतो, याचा भक्कम पुरावा १९७५ मध्येच मिळाला होता. लंडनमध्ये कार्यरत असलेले भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या चाळिशीपुढील ४,१२१ रुग्णांचा समावेश होता. हेपरिनची अल्प मात्रा न मिळालेल्या गटात १६ जणांचा मृत्यू फुप्फुसातील मोठ्या गुठळीने झाल्याचे शवविच्छेदनात आढळले. हेपरिन मिळालेल्या गटात ही संख्या २ होती. शस्त्रक्रियेपूर्वी दोन तास पहिले इंजेक्शन आणि नंतर दर आठ तासांनी एक, असा तो साधा क्रम होता.

भारतीय रुग्णालयांतील स्थिती

भारतीयांना, किंबहुना आशियाई लोकांना, असा त्रास फारसा होत नाही, अशी समजूत वैद्यकीय वर्तुळात दीर्घकाळ होती. आशियातील १९ केंद्रांमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिला छेद दिला. खुबा व गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक औषध न दिलेल्या रुग्णांच्या शिरांचे विशेष चित्रण केले असता, तपासणी पूर्ण झालेल्यांपैकी ४१ टक्के रुग्णांत गुठळ्या आढळल्या. त्यांपैकी बहुतेकांना कोणतेही लक्षण नव्हते.

याच सुमारास ३२ देशांतील रुग्णालयांची पाहणी झाली. तिच्यातील भारताविषयीचे निष्कर्ष २०१२ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. दहा रुग्णालयांतील २,०५८ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना गुठळीचा धोका होता. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होते. धोका असलेल्यांपैकी शिफारस केलेला प्रतिबंधक उपचार मिळाला तो जेमतेम १७ टक्क्यांना. ही पाहणी आता जुनी झाली असली, तरी तिने दाखविलेली उणीव औषधांच्या तुटवड्याची नव्हती. हेपरिन त्या वेळीही सर्वत्र उपलब्ध होते. या रुग्णाला धोका किती, हे विचारण्याची आणि लिहून ठेवण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाची, हे ठरलेले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया सुरक्षेची १९ मुद्द्यांची तपासणी सूची जाहीर केली. प्रतिजैविक वेळेवर दिले का, हा प्रश्न तिच्यात आहे. गुठळीच्या प्रतिबंधाचा प्रश्न मूळ सूचीत नाही. ज्या देशांना तो महत्त्वाचा वाटला, त्यांनी तो आपापल्या सूचीत घातला.

खर्चाचा प्रश्न पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. हाडे मोडल्यामुळे उपचार घेणाऱ्या १२,२११ रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. हेपरिन वर्गातील महाग इंजेक्शने आणि साधी अ‍ॅस्पिरिन यांची तुलना केली असता ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे अनुक्रमे ०.७३ आणि ०.७८ टक्के आढळले. पायातील गुठळ्या अ‍ॅस्पिरिनच्या गटात थोड्या अधिक होत्या. खुबा व गुडघ्याच्या सांधेबदलाबाबत ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये आलेले निष्कर्ष मात्र अ‍ॅस्पिरिनला तितके अनुकूल नव्हते. म्हणजे सर्वांना एकच औषध चालणार नाही. पण उरला परिसरात हाड मोडून आलेल्या अनेक कामगारांसाठी काही रुपयांच्या गोळ्या हा डॉक्टरांच्या सल्ल्याने विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवून चालविणे, पुरेसे पाणी देणे आणि पोटऱ्यांचा व्यायाम यांना तर खर्चच नाही.

पक्षाघाताचे स्वरूप वेगळे

पक्षाघातही बहुधा गुठळीनेच होतो, पण त्याची वाट निराळी आहे. मेंदूकडे जाणारी गुठळी बहुधा हृदयाच्या डाव्या भागातून किंवा मानेच्या धमनीतून येते. हृदय व मेंदू वगळता अन्य शस्त्रक्रियांनंतर पक्षाघाताचे प्रमाण साधारणपणे एक टक्क्याहून कमी असते; वय, पूर्वीचा पक्षाघात आणि हृदयाचे अनियमित ठोके यांमुळे ते वाढते.

येथे प्रतिबंध म्हणजे काही गोष्टी न करणेही असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८,३५१ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या दिवशी बीटा ब्लॉकर वर्गातील औषध मोठ्या मात्रेत सुरू केल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले. पक्षाघात मात्र ०.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर गेला आणि मृत्यूही वाढले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णांबाबतही असाच अनुभव आला. शस्त्रक्रियेसाठी गोळी थांबविल्यावर मधल्या काळात हेपरिनची इंजेक्शने दिल्याने गुठळ्या कमी होत नाहीत, गंभीर रक्तस्राव मात्र १.३ वरून ३.२ टक्क्यांवर जातो, असे २०१५ मध्ये दिसून आले. पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाची नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हिताचे ठरते. डेन्मार्कमधील सुमारे ४ लाख ८१ हजार शस्त्रक्रियांच्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत धोका सर्वाधिक होता. नऊ महिन्यांनंतर तो स्थिरावला.

उपचारातील अडचण अधिक बिकट आहे. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मागील दोन आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला ते देणे जोखमीचे असते, कारण जखमेतून रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी मोठ्या धमनीतील गुठळी नळीद्वारे बाहेर काढणे हा मार्ग उरतो. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत उपयोगी ठरतो, हे २०१८ पासून मान्य झाले आहे. त्यासाठी लक्षण वेळेवर ओळखले जायला हवे. रुग्ण भुलीच्या गुंगीत आहे असे समजून वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात किंवा अडखळणारी वाणी यांकडे दुर्लक्ष झाले, तर हाती असलेले तास निघून जातात.

सिकल सेलचा अतिरिक्त भार

मध्य भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. छत्तीसगड आणि विदर्भ या पट्ट्यात सिकल सेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. नागपूर परिसरातील त्याचे अस्तित्व १९५८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले होते. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि गुठळी व पक्षाघात या दोहोंचा धोका वाढतो. थंडी, पाण्याची कमतरता आणि प्राणवायूची घट या शस्त्रक्रियेत सहज घडणाऱ्या गोष्टी पेशींचे वाकणे वाढवितात. शिवाय पित्ताशयातील खडे आणि खुब्याचे हाड झिजणे यांमुळे याच रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ अधिक येते.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त दिल्याने काय फरक पडतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. रक्त न दिलेल्या गटात ३९ टक्के रुग्णांना महत्त्वाची गुंतागुंत झाली, दिलेल्या गटात १५ टक्क्यांना. मध्य भारतातील अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन मुळातच तुलनेने चांगले असते. त्यामुळे हा निर्णय प्रत्येक रुग्ण पाहूनच घ्यावा लागतो. परंतु आजार आहे हेच ठाऊक नसेल, तर निर्णयाचा प्रश्नच उद्भवत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. या तपासणीचे कार्ड विवाहाच्या समुपदेशनासाठी उपयोगी मानले जाते. तेच कार्ड भूलतज्ज्ञांच्या हाती पोहोचले, तर अभियानाचा लाभ शस्त्रक्रियागृहातही मिळेल.

इंग्लंडने काय केले?

रुग्णालयातील उपचारांशी संबंधित गुठळ्यांमुळे दरवर्षी सुमारे २५ हजार मृत्यू होतात, असे इंग्लंडमध्ये २००५ साली संसदीय समितीने निदर्शनास आणले. शिबिरे व पत्रके यांवर न थांबता तेथील आरोग्य सेवेने २०१० मध्ये रुग्णालयाच्या मोबदल्याचा काही भाग एका अटीशी जोडला : दाखल झालेल्या किमान ९० टक्के प्रौढ रुग्णांच्या गुठळीच्या धोक्याची नोंद झाली पाहिजे. काही वर्षांतच हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले.

भारतात असे साधन आज उपलब्ध आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो आणि कागदपत्रे पाहूनच रुग्णालयाला पैसे मिळतात. त्या कागदपत्रांत धोक्याच्या नोंदीचे एक पान जोडणे अवघड नाही. वय, वजन, कर्करोग, पूर्वीची गुठळी, पूर्वीचा पक्षाघात, गर्भनिरोधक गोळ्या आणि सिकल सेल, एवढे प्रश्न त्यासाठी पुरतात. ज्यांचा धोका अधिक ठरेल, त्यांच्यापुरती औषधांची मुदत पंधरा दिवसांवरून शस्त्रक्रियेपासून पस्तीस दिवसांपर्यंत वाढविता येईल. हा प्रश्न छत्तीसगडपुरता नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या, आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेच्या मूळ रचनेत घरी गेल्यानंतरच्या औषधांची तरतूद दहाच दिवसांची होती. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिकांना आयुष्मान भारतचे संरक्षण देण्याचा निर्णय अमलात आला. खुबा मोडण्याचे प्रसंग याच वयात अधिक येत असल्याने तरतुदीतील हे अंतर भरून काढणे अधिक निकडीचे झाले आहे.

घरी गेलेल्या रुग्णाकडे पाहणारी यंत्रणाही छत्तीसगडकडे आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या मितानिन कार्यक्रमातून तयार झालेल्या आरोग्य कार्यकर्त्या आज नागरी वस्त्यांतही काम करतात. औषध चालू आहे का, एकच पाय सुजला आहे का, धाप लागते का, हे तीन प्रश्न त्यांना विचारता येतील. मात्र कोणाच्या घरी जायचे, हे त्यांना रुग्णालयाकडून कळायला हवे. रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर गुठळीचा धोका आणि औषधाची शेवटची तारीख या दोन ओळी लिहिल्या गेल्या, तर बीरगावातील कार्यकर्तीला कोणत्या दारावर आणि कधीपर्यंत जायचे हे समजेल.