रणनीती-नेमबाजी मिश्र खेळ

रणनीती-नेमबाजी मिश्र खेळ हा बहुखेळाडू व्हिडिओ खेळांचा एक प्रकार आहे. यात संघातील एक खेळाडू सेनापती होऊन रणभूमी वरून पाहतो, साधनसंपत्ती वापरतो आणि इमारतींच्या जागा ठरवतो. उर्वरित खेळाडू सैनिकांच्या नजरेतून प्रत्यक्ष लढतात. ‘हाफ-लाइफ’वर आधारित ‘नॅचरल सिलेक्शन’ (२००२) आणि ‘सॅव्हेज: द बॅटल फॉर न्यूअर्थ’ (२००३) ही या प्रकाराची प्रमुख उदाहरणे होत. ‘बॅटलफील्ड २’मध्ये (२००५) सेनापतीची भूमिका होती, ती ‘बॅटलफील्ड ३’मधून (२०११) वगळण्यात आली आणि ‘बॅटलफील्ड ४’मध्ये (२०१३) पुन्हा आणली गेली.

निव्वळ रणनीती खेळात सैन्य आज्ञा निमूटपणे पाळते. येथे मात्र प्रत्येक सैनिक स्वतंत्र निर्णय घेणारा माणूस असतो. त्यामुळे सेनापती अननुभवी असल्यास किंवा सैनिकांनी त्याचे न ऐकल्यास संपूर्ण संघाची हानी होते. पुरेसे खेळाडू एकाच वेळी उपलब्ध नसल्यास सामना रंगत नाही.

भारतात मोबाइलवरील नेमबाजी खेळ अधिक लोकप्रिय आहेत. पुण्यातील सुपरगेमिंग कंपनीचे ‘मास्कगन’ आणि ‘इंडस’ (२०२४) याच वर्गातील असून त्यांत सेनापती नसतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैशांच्या खेळांवर बंदी घातली व ई-क्रीडेला मान्यता दिली. तिच्या व्याख्येत शारीरिक चपळता आणि रणनीतिक विचार ही दोन्ही कौशल्ये येतात. मिश्र खेळ याच दोहोंची कसोटी घेतात. तथापि परस्परांवर विश्वास असलेला स्थिर संघ ही त्यांची मूळ गरज कायद्याने भागत नाही.