व्हाउचरशिवाय रणगाडा नाही

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या वाड्यात ओल्या मातीचा वास यायचा. विटांचे तुकडे, फाटकं पोतं, परसातली माती आणि कुणाच्या तरी आईचा ओरडा एवढ्या भांडवलावर किल्ला उभा राहायचा. उतारावर अळीव पेरायचे, कुंभारवाड्यातून मावळे आणायचे, आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. आमच्या किल्ल्यात महाराज तटापेक्षा उंच असत, पहारेकरी बुरुजाच्या दुप्पट, आणि एका वर्षी तर महादरवाज्यासमोर प्लॅस्टिकची मोटार उभी होती. त्याबद्दल कुणी आक्षेप घेतल्याचं आठवत नाही. किल्ला सगळ्यांचा होता, एवढं पुरेसं होतं.

साठी उलटल्यावर मी पुन्हा किल्ला करायला बसलो आहे. फरक इतकाच, की या खेपेला माती नाही, प्लॅस्टिक आहे. आणि मावळा किती उंच असावा यावर तासतासभर वाद होतात.

झालं ते असं. बँकेतून निवृत्त झाल्यावर डोळे आणि बोटं शाबूत आहेत तोवर काहीतरी हाताने करावं म्हणून मी विमानांची, रणगाड्यांची प्रतिरूपं जोडू लागलो. दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळात लेखकाला असं काहीतरी लागतंच. पुढे कळलं की सोसायटीत मी एकटा नाही. बी विंगमधल्या डेंटिस्ट बाई, कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले नाना, इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आणि तळमजल्यावरचे एक माजी सैनिक. या शेवटच्या गृहस्थांना सगळी सोसायटी ‘सुभेदार’ म्हणते. ते दर वेळी शांतपणे दुरुस्ती करतात, “सुभेदार पायदळात. आम्ही रणगाडेवाले. रिसालदार म्हना.”

या मंडळींनी जूनमध्ये ठरवलं, की सगळ्यांनी मिळून एकाच विषयावर बांधायचं. या छंदात याला ‘ग्रुप बिल्ड’ म्हणतात. विषय एक, मुदत एक, प्रत्येकाचं काम वेगळं आणि शेवटी सगळं एका टेबलावर. आमचा विषय ठरला बसंतरची लढाई आणि मुदत १६ डिसेंबर. योजना लिहून काढायची जबाबदारी अर्थात माझ्यावर आली. माणूस बँकेतून निवृत्त होतो, पण बँक माणसातून निवृत्त होत नाही.

बसंतर का, तर त्यात पुण्याचा धागा आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० साली पुण्यातला. जून १९७१ मध्ये ते १७ पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि सहा महिन्यांनी, १६ डिसेंबरला, शकरगढ भागात आपल्या सेंच्युरियन रणगाड्यात मारले गेले. रणगाडा पेटला होता, बाहेर पडण्याचा हुकूम आला होता. तोफ अजून चालते आहे म्हणून ते थांबले. वय २१. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. मी तेव्हा शाळेत होतो. खिडक्यांना काळा कागद चिकटवल्याचं आठवतं, आणि युद्ध संपल्यावर तो खरवडून काढताना आईने केलेली चिडचिडही.

आता थोडं या खेळाच्या व्याकरणाबद्दल. विमानांसाठी १:७२ हे प्रमाण रूढ आहे. त्याचा हिशेब सोपा: सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. रणगाड्यांसाठी १:३५ चालतं, आणि त्यामागे काही उदात्त गणित नाही. १९६१ च्या सुमारास जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं किट काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत या बेताने त्याचा आकार ठरवला. मागाहून मोजलं तर प्रमाण १:३५ च्या आसपास निघालं. पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. रूढी कशा पडतात याचं इतकं प्रामाणिक उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

१:३५ मध्ये सेंच्युरियन कसा दिसतो? खरा रणगाडा पन्नासेक टनांचा, सुमारे ३.४ मीटर रुंद, चौघांना पोटात घेणारा. आमच्या टेबलावर त्याची रुंदी जेमतेम १० सेंटिमीटर. पण खोड्यात पडतो माणूस तो जाडीमुळे. साच्यातून काढलेलं प्लॅस्टिक फार पातळ करता येत नाही. एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पत्रा या प्रमाणात ३५ मिलिमीटर जाडीचा होतो. म्हणजे चाकावरचा साधा चिखलरोधक पत्रा चिलखताएवढा जाड! म्हणून वेगळे ‘डिटेल पार्ट्स’ मिळतात. पितळेच्या पातळ पत्र्यावर छायाचित्राच्या तंत्राने नक्षी उमटवून नको तो भाग आम्लाने खाऊन टाकतात; रेडिओचं सर्किट बोर्ड करतात तसंच. असा ०.१५ मिलिमीटरचा पत्रा प्रमाणात पाच मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि डोळ्याला पटतो. त्याशिवाय रेझिनच्या ओतीव पेट्या, लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची तोफेची नळी, साखळीच्या सुट्या कड्या. या कड्या एका बाजूला शंभरावर. एकेक जोडायची.

इथेच आमची पहिली भांडणं झाली.

मुलगा म्हणाला, बाजारात मिळतो तो सगळ्यात मोठा पितळी संच मागवू. नाना म्हणाले, पत्रा मी कापतो, विकत कशाला? डॉक्टरीणबाईंकडे दातांचे चिमटे आणि बारीक कानशी असल्यामुळे त्यांचं मत दोन्ही बाजूंना हवं होतं. मी हिशेब मांडला, तर सुट्या भागांचं बिल मूळ किटच्या पुढे जात होतं. नाकापेक्षा मोती जड!

पण खरा प्रश्न पैशांचा नव्हताच. हे संच तयार होतात ते बहुधा ब्रिटिश किंवा इस्रायली सेंच्युरियनसाठी. मूळ रणगाडा ब्रिटिश. पण रणगाडा ज्या देशात जातो, त्या देशाच्या सवयी अंगावर घेतो. सामानाच्या पेट्या, दिवे, तारेची वेटोळी, पाण्याचे डबे, सगळं बदलतं. महागडा संच लावला असता, तर आमचा सेंच्युरियन अत्यंत बारकाईने चुकीचा झाला असता.

मग तोफेचा मुद्दा निघाला. सेंच्युरियनवर आधी २० पौंडी तोफ असे, पुढे १०५ मिलिमीटरची आली. आमच्या प्रमाणात एकीच्या नळीचं भोक सुमारे २.४ मिलिमीटर, दुसरीचं ३. या ०.६ मिलिमीटरसाठी पाऊण तास आवाज चढले. सौ. चहा घेऊन बाहेर आली, म्हणाली, “लढाई अजून चालूच आहे वाटतं!”

तेव्हा मला तालुक्याच्या गावची आमची जुनी शाखा आठवली. संध्याकाळी डेबुक जुळत नसे. १७ रुपयांचा फरक. नवा क्लार्क म्हणे, साहेब, माझ्या खिशातून घालतो, घरी जाऊ. त्याला सांगावं लागे, की १७ रुपये भरून खोटं पुस्तक जुळतं, खरं नाही. व्हाउचर नसेल तर नोंद नाही. आणि शोधूनही सापडलं नाही, तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची. म्हणजे चारचौघांत लेखी कबूल करायचं, की हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

मी तोच नियम इथे लावला. प्रत्येकाने एक वही करायची. डाव्या पानावर भाग, उजव्या पानावर पुरावा: त्या काळातलं छायाचित्र, वस्तुसंग्रहालयातलं माप किंवा चालवणाऱ्याची आठवण. पुरावा नाही तो भाग लावायचा नाही, मग तो कितीही देखणा असो. आणि वहीच्या शेवटी सस्पेन्स खातं. तोफेची नळीही छायाचित्र हाती येईपर्यंत मागवायची नाही, असं ठरलं. चेक माझ्या सहीने जाणार होता, त्यामुळे अंमलबजावणी सोपी होती.

या नियमाने आम्हाला घराबाहेर काढलं. आम्ही नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वेळ लागतो. तिथे १९९४ पासून रणगाड्यांचं वस्तुसंग्रहालय आहे. महाराष्ट्रातल्या किती घरांनी ते पाहिलं असेल? शिर्डीला जाताना तासभर वाट वाकडी केली तर जमण्यासारखं आहे. झाडांखाली ओळीने रणगाडे उभे आहेत. त्यांत सेंच्युरियन आहे, आणि समोरच्या बाजूने लढलेला पॅटनही आहे. आपल्याला हव्या त्याच मार्कचा रणगाडा समोर असेल असं नाही. पण पोलाद किती खडबडीत असतं, जोड किती जाड असतो, हे पेटीवरच्या रंगीत चित्रात कळत नाही. नानांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “आपण फार गुळगुळीत घासतोय.” ते एक वाक्य सगळ्या पितळी संचांपेक्षा मोलाचं ठरलं.

रिसालदारसाहेब मात्र सेंच्युरियनपाशी थोडाच वेळ थांबले. १९७१ साली ते दुसऱ्या रेजिमेंटमध्ये, दुसऱ्या आघाडीवर, चालकाच्या जागेवर होते. वय विशीच्या आत-बाहेर. ते पॅटनसमोर बराच वेळ उभे होते. परतीच्या गाडीतही गप्पच होते.

पुढच्या रविवारी कामांची वाटणी होती. टेबलावर तीन सेंच्युरियन आणि एक पॅटन एवढा बेत. तीन सेंच्युरियन पटापट गेले. पॅटन कुणालाच नको. सोसायटीच्या कमिटीतून आधीच सूचना आली होती, की पॅटन जळका दाखवा, कापसाचा धूर करा, पोरं टाळ्या वाजवतील. मुलगा म्हणाला, “तो तर मोडकाच दाखवायचाय. त्याला डिटेल पार्ट्स कशाला? जुनं स्वस्तातलं किट लावून टाकू.”

रिसालदारसाहेब म्हणाले, “पॅटन मी करतो.”

कुणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, “साहेब, तुमचा नियम त्यालाबी लावा. वही मी घालीन. त्यातबी पोरंच बसली हुती. माझ्याच वयाची.”

मी मिनिट्समध्ये नोंद केली: पॅटन, रिसालदारसाहेब, संपूर्ण डिटेलसह. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, “काका, माझा चिमटा घेऊन जा. तो जास्त बारीक आहे.”

वाचकहो, हे काही रिसालदारसाहेबांनी नव्याने शोधून काढलेलं नाही. २००१ साली अरुण खेत्रपाल यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ऐंशीनंतर आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले होते. लाहोरात ज्यांच्या घरी ते पाहुणे होते, ते ब्रिगेडियर नासेर. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितलं, की त्या दिवशी तुमच्या मुलाच्या समोरच्या रणगाड्यात मी होतो. तो माझ्या हातून गेला. ज्यांनी खरोखर किंमत मोजली, ते एका टेबलावर जेवू शकले. आणि इकडे आपण दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर भजी खात दर आठवड्याला एक युद्ध जिंकतो.

‘घरात तोफा कशाला? युद्ध म्हणजे काय खेळणं आहे?’ असं मला सौ.ने विचारलं, तसं तुमच्यापैकीही कुणी विचारील. प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं, की खेळणं करतो तो घाई करणारा. ज्याला धूर आणि टाळ्या हव्यात, त्याला तपशील नकोच असतो. तपशील त्याच्या आड येतो. पण चिमट्याने शंभर कड्या जोडणाऱ्या माणसाला केव्हातरी विचारावंच लागतं, की ही साखळी तुटली तर दुरुस्त करायला बाहेर कोण उतरत होतं? हे झाकण एवढं अरुंद, तर पेटल्यावर चौघं बाहेर कसे पडत? माझ्या मते, डिटेलचा उपयोग प्रतिरूप सुंदर करण्यासाठी कमी. आपला आवाज खाली आणण्यासाठी जास्त.

आणि हे एकट्याने होत नाही. एकटा माणूस स्वतःच्या चुकीवर सहज प्रेम करतो. गटात चारजण वही मागतात. शिवाय व्यवहाराचे फायदे आहेतच. रंग एकाच बाटलीत कालवला, की तिन्ही रणगाडे एकाच रेजिमेंटचे दिसतात. एकाने पितळ वाकवायला शिकलं, की चौघांचं पितळ वाचतं. ज्यांना असं काही सुरू करायचं असेल, त्यांना माझा सल्ला: विषय लहान घ्या, मुदत ठाम ठेवा, सुटे भाग शेवटी मागवा, वही आधी घाला.

आमचं काम चालू आहे. आमचं सस्पेन्स खातं सध्या ११ नोंदींचं आहे. एक सेंच्युरियन साखळीविना उभा आहे, दुसऱ्याचा रंग पुन्हा काढावा लागला. काल रात्री दूध आणायला खाली उतरलो, तर रिसालदारसाहेबांच्या खिडकीत दिवा होता. भिंग डोळ्याला लावून ते पॅटनच्या मागच्या बाजूला काहीतरी बसवत होते. हात थोडा कापत होता. म्हणून ते दर वेळी श्वास रोखत, भाग ठेवत आणि मग सोडत. मी हाक मारली नाही.

कापूस मात्र आणायचा नाही असं ठरलं आहे. कमिटीला तसं लेखी कळवलं आहे.