केबल ट्रे मीटरवर नाही, किलोवर घ्या



शेड भाड्याने घेतली, मशीन बुक केलं, कर्जाचा हप्ता ठरला. सगळ्यात शेवटी इलेक्ट्रिशियन येतो आणि सांगतो, "साहेब, केबल वरून न्यायची तर ट्रे टाकावा लागेल." तोपर्यंत खिसा हलका झालेला असतो. मग आपण एकच प्रश्न विचारतो: "मीटरला काय रेट?" ज्याचा रेट कमी, त्याला ऑर्डर.

माझं मत सरळ आहे. केबल ट्रे ही शेवटी उरलेल्या पैशात उरकायची वस्तू नाही, आणि मीटरचा रेट बघून तर ती अजिबात घ्यायची नाही. मी स्वतः इलेक्ट्रिकलचं दुकान चालवतो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, हिशोबावर ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. छोट्या गाळ्यात दोनच सिंगल फेज मशीनं असतील, तर ट्रे लागत नाही. चांगला कंड्युट पाईप, नीट अर्थिंग, काम झालं. ट्रे कामाला येतो तो चार-सहा मशीनं, थ्री फेज लोड आणि पुढे वाढायचा विचार असेल तेव्हा.

आता हिशोब बघा. ३०० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच बाजूंचा ट्रे म्हणजे मुळात ४०० मिमी रुंदीचा दुमडलेला पत्रा. १ मिमी जाडीच्या १ चौरस मीटर पोलादी पत्र्याचं वजन ७.८५ किलो. म्हणजे १.६ मिमी जाडीचा ट्रे मीटरला साधारण ५ किलो भरतो आणि १.२ मिमीचा पावणेचार किलो. छिद्रांमुळे थोडं कमी होईल, दुमडीमुळे थोडं वाढेल. पण दोघांमधला फरक चौथ्या हिश्श्याचा आहे. एकाचा रेट दुसऱ्यापेक्षा १५ टक्के कमी दिसला, तर तुम्हाला स्वस्त मिळालं की लोखंडच कमी मिळालं? कोटेशनमध्ये जाडी आणि मीटरला वजन लिहून मागा. माल उतरला की एक तुकडा काट्यावर ठेवा.

दुसरा खेळ गॅल्व्हनायझिंगचा. 'जीआय ट्रे' एवढंच लिहिलेलं असतं. प्री-गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्त चढवलेला पत्रा आणून मग कापलेला आणि भोकं पाडलेला. त्याच्या कापलेल्या कडा उघड्या राहतात. हॉट डिप म्हणजे ट्रे पूर्ण बनवून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेला. त्यात कडा आणि भोकंही झाकली जातात. कोरड्या हवेतल्या बंद शेडमध्ये प्री-गॅल्व्हनाइज्ड चालतो, उगाच जास्त पैसे घालू नका. पण युनिट कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ असेल, रोज पाण्याने धुवायचं फूड प्रोसेसिंग असेल किंवा ट्रे उघड्यावरून जाणार असेल, तर हॉट डिपच घ्या. ॲसिडच्या वाफा असतील तर एफआरपी ट्रेचा विचार करा.

तिसरी गोष्ट रुंदीची. इथे आपण सगळ्यात जास्त चिंगूसपणा करतो. समजा ६ केबल आहेत आणि प्रत्येकीचा बाहेरचा व्यास २५ मिमी. शेजारी शेजारी ठेवल्या तर १५० मिमी. याची दीडपट करा, २२५. मग २०० वर थांबू नका, ३०० चा घ्या. जागा दोन कारणांसाठी लागते. एक, केबल तापते. एकमेकींवर ढीग घातला की उष्णता बाहेर पडत नाही आणि केबलची करंट वाहायची क्षमता घटते. दुसरं, वर्षभरात सातवं मशीन आलं तर? बीबीएला आम्हाला कपॅसिटी प्लॅनिंग शिकवलं होतं, ते फक्त मशीनसाठी नसतं. ट्रे बदलायचा म्हणजे प्रॉडक्शन बंद ठेवायचं. त्या दिवसांचं नुकसान आणि आज १०० मिमी जादा रुंदीचे पैसे, दोन्ही एका कागदावर मांडा.

आता फिटिंग. ट्रेची लांबी साधारण अडीच मीटर असते. घाईत काम करणारे फक्त जोडावर आधार देतात, म्हणजे अडीच मीटरवर एक. मधे ट्रे झोळीसारखा लोंबतो. साधारण दीड मीटरवर आधार हवाच, वळणावर आणि टी जवळ वेगळा. वळणासाठी तयार बेंड मागा. सरळ ट्रे ग्राइंडरने कापून वाकवला की धारदार कड तयार होते, आणि तीच केबलचं इन्सुलेशन सोलते. जिथे कापावंच लागेल तिथे कड घासून झिंकचा रंग लावून घ्या. जाड आर्मर्ड मल्टिकोर केबल व्यासाच्या साधारण १२ पटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. २५ मिमी केबलला ही त्रिज्या ३०० मिमी होते. काटकोनात पिळून बसवू देऊ नका. सीसीटीव्ही आणि इंटरनेटच्या वायरी पॉवर केबलसोबत टाकू नका, त्यांना वेगळा ट्रे किंवा मधे पार्टिशन द्या.

आणि अर्थिंग. यात तडजोड नाही. एखाद्या केबलचं इन्सुलेशन गेलं आणि ट्रे अर्थ नसेल, तर अख्खा ट्रे करंट मारू शकतो. शिडीवर चढून बल्ब बदलणारा तुमचाच पोरगा असतो. प्रत्येक जोडावर तांब्याची वायर किंवा पट्टी हवी आणि संपूर्ण ट्रे अर्थिंगला जोडलेला हवा. पावडर कोटिंग असेल तर जोडाजवळचा रंग खरवडावा लागतो, रंगातून करंट जात नाही. काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

"भाड्याच्या शेडमध्ये एवढा खर्च कशाला?" हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर उलटं आहे. नट-बोल्टने बसवलेला ट्रे शेड सोडताना उतरवून नेता येतो. भिंतीत गाडलेला पाईप घरमालकाचा होतो. फक्त छताच्या लोखंडाला भोक पाडण्याआधी मालकाची परवानगी घ्या.

कोटेशन मागताना हे सगळं एकाच कागदावर घ्या: प्रकार, रुंदी, उंची, जाडी, मीटरला वजन, गॅल्व्हनायझिंग, बेंड, टी, जोडपट्ट्या, नट-बोल्ट, आधार, अर्थिंग आणि मजुरी. सरळ ट्रेचा रेट कमी दाखवून बाकीचं 'एक्स्ट्रा'त लावायची पद्धत बाजारात आहे. तीन कोटेशनं अशी मागवा आणि शेवटची बेरीज बघा. ती बेरीज मशीनची ऑर्डर देण्याआधी प्रोजेक्ट कॉस्टमध्ये धरा. लोन मंजूर झाल्यावर ट्रेसाठी कोणी वेगळे पैसे देत नाही.