पेशवे पार्कातला वाघ

आमच्या वयाच्या पुणेकर बायका भेटल्या की "पेशवे पार्कात आता पूर्वीची मजा नाही" हे ठरलेलं. लहानपणी फुलराणीत बसायचं, मग वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहायचं. चौविहार असल्यामुळे आई सूर्यास्ताआधी घरी ओढून न्यायची. एकदा तिला विचारलं, वाघ सारखा येरझाऱ्या का घालतो? म्हणाली, "जायला जागा नाही म्हणून." घरी मुंगीलाही जपणारे आपण, तो पिंजरा मात्र हौसेने बघायचो! पुढे प्राणी कात्रजला हलवले. तेही रान नव्हे, पण फिरायला जागा तरी आहे. मला तरी हा बदल चांगलाच वाटतो. परवा नातू म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी इथे वाघ होता? किती मज्जा!" मी त्याला येरझाऱ्या घालून दाखवल्या.