कोंबडीची सोबत भाड्याने मिळत नाही

हल्ली एखाद्या साध्या गोष्टीचे पैसे मागायचा संकोच वाटला, की तिला 'थेरपी' म्हणावे. संकोच आपोआप जातो. हसण्याची थेरपी झाली, चालण्याची झाली, आता कोंबडीची पाळी आली आहे. आमच्या शिरूर अनंतपाळातील एका होतकरू तरुणाने मला आपली योजना मोठ्या उत्साहाने समजावून दिली. चार गरीब स्वभावाच्या कोंबड्या माणसाळवायच्या, त्यांना पिंजऱ्यात घालून एकाकी म्हाताऱ्यांच्या, अबोल मुलांच्या, खचलेल्या शेतकऱ्यांच्या घरी न्यायचे, तासभर मांडीवर द्यायचे आणि तासाची फी घ्यायची. तरुण लबाड नाही. पण धंदा चुकीच्या पायावर उभा आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

माझा आक्षेप कोंबडीवर नाही. तिला हसणाऱ्या शहाण्यांपैकी मी नव्हे. मुले लातूरला, पुण्याला गेलेली आणि घरात म्हातारी एकटी, अशी घरे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्या म्हातारीला पहाटे अंथरुणातून उठवते कोण? खुराड्यातला कलकलाट. तिन्हीसांजेला ती कोंबड्या मोजते. एक कमी भरली की हाका मारीत गल्लीभर फिरते, आणि त्या निमित्ताने चार दारांत चार शब्द बोलते. अंड्यांचे पैसे तिच्या कनवटीला राहतात, त्यांचा हिशेब कोणी विचारीत नाही. यात सोबत आहे, कष्ट आहेत आणि मानही आहे. पण हे सारे कोंबडी पाळण्यात आहे, तिला तासभर कुरवाळण्यात नाही.

इंग्लंडात गेट्सहेड येथील 'इक्वल आर्ट्स' या संस्थेने 'हेनपॉवर' नावाचा उपक्रम चालवला. वृद्धनिवासांत कोंबड्या आणल्या. त्याचे कौतुक सांगणारे एक गोष्ट विसरतात: तिथे कोंबड्यांची उस्तवार म्हाताऱ्यांकडेच सोपवली होती. ज्यांच्यावर जगाने काही सोपवायचे थांबवले होते, त्यांच्यावर पुन्हा काही सोपवले गेले. आमचा तरुण नेमके तेवढेच काढून घेतो आणि पिसे तेवढी विकतो.

दुसरा दाखला न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन यांचा. 'जिंगल्स' नावाच्या आपल्या कुत्र्याच्या संगतीत मुले बोलती होतात, हे त्यांनी १९६२ साली लिहिले. पण लेव्हिन्सन स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. कुत्र्याने दार उघडले. आत जाऊन काम केले ते माणसाने. दार उघडणाराच वैद्य म्हणून मिरवू लागला, तर रोग्याने जायचे कुठे?

आणि कोंबडीचे काय? ती थव्यातली. तिच्या थव्यात चोचीच्या जोरावर ठरलेला मान असतो. रोज नव्या घरी नेलेल्या पाखराला तिथे कसले स्वास्थ्य लाभणार? उलटी धरून दाबली की ती निपचित पडते आणि बघणारे म्हणतात, 'किती शांत आहे!' किर्शर नावाच्या पाद्रीने १६४६ सालीच हा चमत्कार लिहून ठेवला आहे. आज आपण जाणतो की ती शांती नव्हे, भीती आहे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेले पाखरू असेच मेल्यागत पडते. एका जिवाच्या भीतीवर दुसऱ्या जिवाचे समाधान विकायचे, हा कुठला उपचार?

रोगाचीही गोष्ट आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यात, उदगीरला, कावळे मेले. दोन्हीकडे बर्ड फ्लू निघाला. शिवाय धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जंतू असू शकतो. तो सर्वांत जास्त बाधतो लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना, म्हणजे याच धंद्याच्या गिऱ्हाइकांना.

यावर कोणी म्हणेल, 'खेड्यात मनाचा डॉक्टर कुठे आहे? काहीच नसण्यापेक्षा कोंबडी काय वाईट?' हाच युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. सोयाबीन गेले, सावकार दारात, महिनाभर डोळ्याला डोळा नाही, अशा माणसाच्या मांडीवर कोंबडी ठेवली की घरच्यांना वाटते, उपचार चालू आहेत. जे दिवस वाया जाऊ नयेत, ते असे जातात. त्याला लातूरच्या एस.टी.त बसवा, डॉक्टरपुढे न्या. तोवर १४४१६ हा क्रमांक लावून द्या. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा त्यावर फुकट बोलते. आणि डॉक्टर जवळ नाही ही तक्रार खरी असेल, तर ती सरकारदरबारी न्यावी. कोंबडे झाकून उजाडायचे राहत नाही, तसे कोंबडी पुढे करून ही उणीवही झाकत नाही.

त्या तरुणाला माझे सांगणे एवढेच: धंदा अवश्य कर, पण नाव खरे दे. एकट्या म्हातारीला तीन-चार गावरान कोंबड्या दे, मुंगसाला दाद न देणारे खुराडे बांधून दे, मानमोडीची लस वेळेवर टोचवून आण, अंडी बाजारात पोहोचव आणि त्या कष्टांची मजुरी उजळ माथ्याने घे. त्या मजुरीला थेरपी म्हणावे लागणार नाही, आणि सोबत फुकटच राहील.